कमळाकरला काही न देण्याबाबत

मी, कुंदन पदाजी केणी, वय सदुसष्ट, राहणार ऐरोली गाव, नवी मुंबई, स्वतःच्या घरात स्वतःच्या टेबलाशी बसून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉ. सुधीर यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखल्यात त्यांनी रक्तदाब वाढल्याचंही लिहिलं आहे. त्या रक्तदाबाचं कारण सध्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर पाहुणा म्हणून उतरलं आहे आणि रोज सकाळी गावदेवीपर्यंत फिरायला जातं.

१. माझे वारस तीन. पत्नी पुतळा. मुलगा रूपेश, जो न्हावा शेव्याला कंटेनर सोडवण्याच्या कामात आहे. मुलगी नमिता, लग्न होऊन ऐरोलीतच सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये राहते आणि येत्या महापालिका निवडणुकीला उभी राहणार आहे. चौथा कोणी नाही. चुलत भाऊ हा वारस धरू नये.

२. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडावरची आमची चार मजली इमारत पुतळाकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिच्यानंतर रूपेश आणि नमिता यांना निम्मी निम्मी. भाडेकरूंना काढू नये. तिसऱ्या मजल्यावरचे बाबासो साताऱ्याकडचे असले तरी माणूस बरा आहे. माझ्या तिन्ही प्रचारात त्यांनी रिक्षा फिरवली आणि एकदाही, 'साहेब, आता बास करा,' असं म्हणाले नाहीत.

३. बँकेतली ठेव आणि माझ्या गळ्यातली साखळी पुतळाची. साखळी तिने मोडून काय करायचं ते करावं. रूपेशला वाटतं ती त्याला मिळेल. मिळणार नाही.

४. माझा चुलत भाऊ कमळाकर, हल्ली मुक्काम फ्रान्स, यास माझ्या मिळकतीतून सुईसुद्धा मिळू नये. त्याने काही मागितलेलं नाही हे खरं. पण न मागता मिळवायची त्याला सवय आहे.

याची हकीकत अशी. १९८२ साली आम्ही दोघे रबाळ्याला पंपांच्या एका फ्रेंच कारखान्यात फिटर होतो. कंपनी एका माणसाला शिकायला फ्रान्सला पाठवणार होती. फोरमनने माझं नाव पहिलं दिलं होतं. तिकडचे साहेब मुलाखतीला आले ते नेमके माझ्या हळदीच्या दिवशी. आमच्यात हळद लागलेल्या नवऱ्याने गावाची शीव ओलांडायची नाही. रबाळे हाकेच्या अंतरावर, पण शीव ती शीव. मी पिवळाधमक होऊन मांडवात बसलो, लग्न लावणारी धवलारीण धवले गात होती, आणि कमळाकर माझाच इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला गेला. शर्ट अजून परत आलेला नाही.

ही गोष्ट मी पुतळाला संसारभर ऐकवली. तिचं उत्तर ठरलेलं. "मंग हलद पुसून जायचा व्हता. कोनी धरलता तुमाला?" यावर मी ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

५. कमळाकर तिकडे गेला तो तिकडचाच झाला. कारखान्याच्या हिशेबखात्यातल्या एलेन नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि समुद्रकाठच्या तिच्या गावी राहायला गेला. नागरिकत्व घेतलं. इथपर्यंत माझी हरकत नव्हती. पण १९९५ साली, म्हणजे ज्या साली आमच्या महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि मी कपबशी घेऊन अपक्ष उभा राहिलो, त्याच साली हा गृहस्थ तिकडे नगरसेवक झाला. मी दारोदार फिरून पडलो. तिकडे एकेकटा माणूस उभा राहत नाही, अख्खी यादी उभी राहते. याचं नाव यादीत मधोमध कुठेतरी, आणि यादीबरोबर हाही तरला. याला निवडून येणं म्हणतात का, हे जाणकारांनी ठरवावं.

२००१ साली तो उपमहापौर झाला. त्याच्याकडे खातं कुठलं, तर पायवाटांचं! बंगलेवाल्यांनी समुद्राकडे जायची जुनी वाट कुंपण घालून अडवली होती, ती याने भांडून मोकळी केली. त्याचा फोटो आला. त्या सुमारास आमचा प्रभाग सोडतीत राखीव झाला होता आणि मी घरी बसून फोटो बघत होतो. २००५ साली मी पुन्हा उभा राहिलो आणि पुन्हा पडलो. २००८ साली तो महापौर झाला. गाव केवढं, तर चार हजार वस्तीचं! आमच्या सेक्टरमधल्या दोन-तीन सोसायट्या एकत्र केल्या तर तेवढी माणसं होतात, आणि तिथल्या सेक्रेटरीला कोणी हार घालत नाही. पण गावात मिठाई मीच वाटली, कारण नाही वाटली तर लोक म्हणतील कुंदन जळतो.

जळतो. हे मृत्युपत्र असल्याने खोटं लिहिणार नाही. महापौराचा निळा-पांढरा-लाल पट्टा खांद्यावरून घेतलेला त्याचा फोटो आला, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिकडे महापौर स्वतः लग्नं लावतो असं त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा पुतळा म्हणाली, "मंजे आपली धवलारीनच की!" त्या एका वाक्यासाठी मी तिला साखळी देतो आहे.

पुढे २०१० साली तो त्यांच्या प्रादेशिक परिषदेवर गेला आणि २०१५ साली पुन्हा गेला. ही परिषद कायदे करत नाही, शाळा, बंदरं आणि रेल्वेचे फाटे बघते. बंद पडत आलेला एक फाटा त्याने चालू ठेवायला लावला. २०१० सालीच माझं ठरलेलं तिकीट शेवटच्या रात्री कापलं गेलं आणि २०१५ साली ज्याला मी मोठं केलं तोच माझ्यासमोर उभा राहून निवडून आला. त्याचं नाव इथे लिहून त्याला अमर करणार नाही. २०२० साली कमळाकर आपण होऊन बाजूला झाला, तर त्यांनी त्याला मानद महापौर केलं. माणूस घरी बसला तरी पद चालूच! आमच्याकडे मात्र तेव्हापासून महापालिकेवर प्रशासक आहे, म्हणजे पडायचीसुद्धा सोय राहिली नाही.

इथवर वकील वैजयंतीबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "काका, हे मृत्युपत्र आहे, भाषण नाही. यातलं अर्धं काढा." मी म्हटलं, भाषणाची संधी मला दुसरीकडे मिळालेली नाही. त्यांनी हात जोडले. मजकूर ठेवला आहे.

६. आजोबांचं मिठागरावर मीठ ओढायचं लाकडी फावडं माळ्यावर आहे. कमळाकरच्या त्या गावातही मिठागरं आहेत, आणि ती त्याने टिकवली. आमची गेली, वर इमारती आल्या. तिथल्या छोट्या संग्रहालयात ठेवायला तो हे फावडं मागतो. देऊ नये. दर खेपेला तो तिकडच्या मिठाची पिशवी आणतो. मिठागरवाल्याच्या नातवाला मीठ! यंदा वर म्हणाला, "वयनीला सांग, लोनच्यात टाकून बघ." पुतळाने टाकलं. लोणचं चांगलं झालं आहे, हे नाइलाजाने नमूद करतो. फावडं रूपेशकडे राहील. त्याला त्याचं काही नाही, म्हणून ते सुरक्षित राहील.

७. माझ्या वाढदिवसांचे 'भावी नगरसेवक' लिहिलेले जुने फ्लेक्स गच्चीवर आहेत. चांगले जाड आहेत. पावसाळ्यात टाकीवर घालायला बाबासोंना द्यावेत. फक्त चेहरा खालच्या बाजूला करावा.

८. इमारतीच्या तळमजल्यावरचा रस्त्याकडचा गाळा, ज्यावर 'जनसंपर्क कार्यालय' अशी पाटी आहे, तो माझ्या मृत्यूनंतर नमिताला मिळावा. मात्र त्यात कमळाकरचा फोटो लावला जाणार नाही या अटीवर.

ही अट का, ते लिहितो. या वेळी सोडतीत आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी आली. नमिताने उभं राहायचं ठरवलं आणि बॅनरचा नमुना मला मोबाइलवर दाखवला. आपल्याकडे बॅनरवर कोणाचं डोकं कुठे, यावरून माणसाची किंमत कळते. सगळ्यात वर, मोठ्ठा, पट्टा घातलेला कमळाकर, खाली 'प्रेरणास्थान'. मी कुठे? खालच्या ओळीत, गोलात, जिमवाल्या पोराच्या आणि उत्सव समितीच्या खजिनदाराच्या मध्ये. पोटची पोर! रोज संध्याकाळी ती त्याच्यासमोर वही घेऊन बसते, 'काका, हे कसं करायचं, काका, ते कसं करायचं.' तीन निवडणुका लढलेला बाप समोर पेपर वाचत असतो.

हे कलम लिहीत असतानाच नमिता आली. निवडणुकीपुरती गाळ्याची किल्ली हवी म्हणाली. मी हा कागद पुढे केला. तिने वाचला. वैजयंतीबाई समोरच होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होतं. निवडणूक जानेवारीवर आली आहे."

मी नमिताला विचारलं, "माझ्यात काय कमी होतं गं, म्हणून त्याला वर बसवलंस?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाबा, मी उभी राहते म्हटल्यावर तुम्ही पहिलं विचारलंत, बॅनरवर कोण कोण घेणार. काकांनी विचारलं, निवडून आल्यावर पहिलं काम काय करणार."

मग मी विचारलं, "काय करणार?"

"खाडीची वाट मोकळी करणार. कॉम्प्लेक्सच्या भिंतीने अडवलीय ती. कोळणींना केवढा वळसा पडतो."

म्हटलं, आली पायवाट! "हे त्यानेच शिकवलं असणार."

"त्यांना कुठे माहितीये ही वाट अडलीय ते? मी सांगितलं तेव्हा कळलं. बाबा, तुम्हीच सांगायचात ना मला. जेवताना. पणजोबा त्या वाटेने मिठागरावर जायचे, तुम्ही त्यांच्या मागून भाकरी घेऊन पळायचात, मध्ये चिंबोऱ्या धरायचात आणि भाकरी थंड व्हायची. रोज सांगायचात. रूपेश कंटाळायचा. मी नाही कंटाळले."

हे मी सांगत असे, हे मला आठवत नव्हतं. हळदीची गोष्ट सांगितलेली तेवढी आठवत होती. मी उठून बाहेर गेलो, तोंड धुतलं आणि परत येऊन बसलो. तोवर कमळाकर फिरून आला होता. दारातून म्हणाला, "काय रं कुंदन, डोलं कनाला लाल झालं?" मी म्हटलं, तुझ्या मिठाने.

९. कलम आठ अटीसकट रद्द समजावं. तो गाळा मृत्यूनंतर द्यायची वस्तू नव्हे. किल्ली मी आज वैजयंतीबाईंच्या समक्ष नमिताच्या हातात दिली आहे आणि बक्षीसपत्राचे कागद करायला त्यांना सांगितलं आहे. आत कोणाचा फोटो लावायचा ते तिचं तिने ठरवावं. पट्टेवाला लावला तर मला वाईट वाटेल. तसं मी तिला सांगितलंही आहे. ती हसली आणि लावणार नाही असं काही म्हणाली नाही.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रूपेशने करावी. माझ्या तेराव्याला भाषणं नकोत. करायचीच झाली तर नमिताने करावं.

११. साक्षीदारांबाबत. ज्याला काही द्यायचं असेल त्याला साक्षीदार करू नये, अशी रीत असल्याचं वैजयंतीबाईंनी सांगितलं. ते ऐकताच मी कमळाकरला साक्षीदार नेमलं. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, असंही त्या म्हणतात. परंतु त्याने तो अथपासून इतिपर्यंत वाचावा अशी माझी इच्छा आहे.

१२. शेवटचं. तो तिकडे नगरसेवक झाला, महापौर झाला, प्रदेशावर गेला. जे जे मला हवं होतं ते सगळं त्याला मिळालं, आणि ते मला मरेपर्यंत सलेल. पण नागरिकत्व सोडल्यामुळे या गावात त्याला मत नाही. नमिताच्या उमेदवारी अर्जावर तो सूचक म्हणून सही करू शकत नाही. ती मी करणार. मतदानाच्या दिवशी तो शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहील आणि मी आत जाऊन माझ्या मुलीच्या नावापुढचं बटण दाबीन. आजवर तीन वेळा मी स्वतःच्या नावाला मत दिलं आहे, पण त्यासाठी इतके दिवस जगावंसं कधी वाटलं नव्हतं. तरी डॉ. सुधीर यांनी रक्तदाबाच्या गोळ्या निकाल लागेपर्यंत तरी चालू ठेवाव्यात.

येणेप्रमाणे लिहिलेलं मी स्वतः वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली असे.

ठिकाण : ऐरोली गाव, नवी मुंबई
दिनांक : २३ नोव्हेंबर २०२५

(सही) कुंदन पदाजी केणी

साक्षीदार :

१. (सही) डॉ. सुधीर, ऐरोली. मृत्युपत्र करणारे माझ्या समक्ष शुद्धीत होते. गोळ्या चालूच राहतील.

२. (सही) कमळाकर केणी, हल्ली मुक्काम ऐरोली. सगळं वाचलं. मुलाखतीत त्या साहेबाने मला पहिलं विचारलं होतं, तो दुसरा कुठे आहे? मी सांगितलं, त्याची आज हळद आहे, तो माझ्यापेक्षा चांगला फिटर आहे, परवापर्यंत थांबा. साहेब थांबले नाहीत. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मलाही जायचं होतं.