खालच्या खोलीतला आकडा

१४ ऑक्टोबर
बोलले एकदाची! किती दिवस मनात घोळत होतं. सकाळी टपालपेट्यांपाशी शेजारचा आर्मास भेटला, तिथेच सांगून टाकलं, "तुमचा तो पाइप रात्रभर घूंऽ घूंऽ करतो हो. डोळ्याला डोळा लागत नाही!" कुंपणाला अगदी खेटून उभा आहे तो मेला पाइप, करडा, डोक्यावर टोपण. त्याच्या घराची हवा काढायला असावा. कोण विचारायला जातंय?
"अस्सं," म्हणाला, आणि पेपर काखेत मारून चालू लागला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

१५ ऑक्टोबर
आवाज बंद! काय झोपलेय मी!

२ नोव्हेंबर
इलोनाचा फोन. जानेवारीत बाळ. जावई योनास तेव्हा जहाजावर, म्हणून पोरगी बाळंतपणाला माझ्याकडे येणार! खालच्या खोलीत, तिच्या लहानपणच्याच. फोन कानाला असतानाच मी पडद्यांचा रंग ठरवायला लागले.
पण बाईसाहेबांची अट — "आई, आधी तिथला रेडॉन मोज. तपासणीतल्या नर्सने बजावलंय." आता हे या डोंगरावर कुणाला माहीत नाही? सगळी वाळू आणि गोटे, खालून वायू येतो, दिसत नाही, वास नाही, आणि वर्षानुवर्षं छातीत गेला की कॅन्सर. पण आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी मोजला होता आणि अगदी थोडा निघाला होता.
"पुन्हा मोज."
बापावर गेलीय.

१० नोव्हेंबर
इलोनाने दोन वस्तू पाठवल्या. एक रोजचा आकडा दाखवणारं यंत्र. दुसरी काळी गोल डबी — ती दोन महिने ठेवायची आणि मग प्रयोगशाळेत धाडायची. मागच्या वेळची चपटी, पांढरी होती. पण ही काळीसुद्धा मी कुठेतरी पाहिलीय. कुठे? आठवेना. ताइस्तो म्हणतो, "तुला सगळंच पाहिल्यासारखं वाटतं." नवरा आहे की काय आहे!

१३ नोव्हेंबर
बाराशे! तीनशेच्या आत हवा, आणि बाराशे!
यंत्र बिघडलंय.

१४ नोव्हेंबर
यंत्र बिघडलेलं नाही. वर स्वयंपाकघरात नेलं तर आकडा निम्म्यावर. खाली आणलं की पुन्हा तेच. सहा वर्षांत घर बदललं नाही, जमीन बदलली नाही. मग हे आलं कुठून? डोकं चालेनासं झालंय.

१९ नोव्हेंबर
ताइस्तोने खालच्या जमिनीतल्या सगळ्या फटी भरल्या. कागद गिरणीत तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, काम चोख. पाइप जिथून वर येतात तिथेही मसाला भरला. आकडा उतरला — अकराशे. मी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी थंडी वाढली आणि साडेबाराशे! म्हणजे आधीपेक्षा जास्त. हे काय गणित आहे?

२३ नोव्हेंबर
खिडक्या उघड्या टाकल्या. उतरला. पण बाहेर उणे अकरा, खोलीचा बर्फ. तान्ह्या बाळाला काय कोट-टोपी घालून झोपवायचं? खिडक्या लावल्या, परत चढला.

२४ नोव्हेंबर
इलोनाला सांगावंच लागलं. म्हणाली, "आई, मग मी औलूलाच जाते गं. योनासच्या आईकडे. त्या केव्हाच्या बोलावतायत."
औलू! इथून दिवसभराचा प्रवास. म्हणजे पहिली आंघोळ ती बाई घालणार, पहिलं हसू तिला दिसणार. मी म्हटलं, "ख्रिसमसपर्यंत थांब. काहीतरी करते." काय करणार, ते मला कुठे ठाऊक होतं! फोन ठेवला आणि सॉनाच्या वाफेत बसून पोटभर रडले. तिथे घाम की आसू, कुणाला कळत नाही.

३० नोव्हेंबर
आर्मास त्याच्या दारातलं बर्फ ओढत होता. एका गुडघ्यावर जोरच देत नाही. मी हात केला, त्यानेही केला. पाइपावरून रागावलाय का? चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

४ डिसेंबर
रेडॉन मोजणारी आली. सातु नावाची, तरुण, चटपटीत. भिंतीच्या कडेला धुराची काडी धरली, तर धूर जमिनीकडून वर ढकलला गेला. "सहा वर्षांपूर्वी थोडा होता आणि आता इतका? मग तुमचं काहीतरी बंद पडलंय."
"अगं, आमच्याकडे काही बसवलेलंच नाही, तर बंद काय पडणार?"
तीही चक्रावली. दोघी टेबलाशी बसलो. कॉफी प्यायलो. मग कप हातात घेऊन ती खिडकीशी गेली आणि म्हणाली, "तो शेजाऱ्यांचा पाइप चालू आहे ना?"
"बंद आहे. का गं?"
ती रेडॉनची विहीर आहे म्हणे! खाली खड्डा, वर पंखा. गोट्यांची जमीन भुसभुशीत, त्यामुळे पंखा आजूबाजूच्या घरांखालचा वायूसुद्धा ओढून आभाळात सोडतो. इतकी वर्षं तो आमचाही ओढत होता. आणि मी — डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून!

५ डिसेंबर
वेलदोड्याचे पाव भाजले आणि आर्मासकडे गेले. शेजारी असून त्यांच्या घरात पाऊल टाकलं ते त्यांच्या बायकोच्या, हिल्काच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदा. टेबलावर तिचा फोटो, शेजारी मेणबत्ती.
"पाइप बंद का केलात?" — काय हा प्रश्न! पण तोंडातून निघून गेला.
"तूच म्हणालीस, आवाज होतो."
"अहो, पण तो कशासाठी आहे ते सांगायचं ना!"
"तू विचारलं नाहीस." आर्मास पाव चावत राहिले. मग म्हणाले, "पंख्याचं बेअरिंग गेलंय. गुडघा वाकत नाही, म्हणून बदलायचं राहिलं. आणि मला वाटलं, आता खाली कुणी झोपत नाही."
मी इलोनाचं सांगितलं. आर्मास खुर्ची मागे सारून उठले, कोट घातला आणि सरळ बाहेर जाऊन कळ दाबली. घूंऽऽ! इतका गोड आवाज उभ्या जन्मात ऐकला नव्हता.
घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. खाली कुणी झोपत नाही? त्यांच्या घराला तर खालची खोलीच नाही!

९ डिसेंबर
आकडा एकशेसाठ! इलोनाला फोन केला. किंचाळली! औलू रद्द!! विहीणबाईंना वाईट वाटलं असेल. वाटू दे.

१६ डिसेंबर
ताइस्तोने बेअरिंग बदललं. आर्मास खुर्ची टाकून सूचना देत बसले होते. टोपणावर बर्फ साचू द्यायचं नाही, दर शरदात पंखा उघडून बघायचा. "आता हे माझं काम," ताइस्तो म्हणाला. आर्मासनी नुसती मान हलवली. आवाज आता जेमतेम येतो. मला खरं तर थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

२१ डिसेंबर
इलोना आली. पोट केवढं! खालच्या खोलीत दुपारभर घोरत होती.
मला एकच लागून राहिलंय. पाइप बंद होता तेवढे दिवस आर्मासही तोच वायू घेत असणार, आणि तो माझ्यामुळे! उद्या यंत्र त्यांच्याकडे नेऊन ठेवते.

२२ डिसेंबर
आर्मासनी यंत्र घेतलं नाही. "माझं घर खडकावर आहे, वाळू कुंपणापाशी सुरू होते. इथे कधी नव्हताच." मग पाइप कशाला? "हिल्काने करायला लावला. तुझी पोरगी खाली झोपायची. तुला सांगणार होती, राहून गेलं."
तेव्हा आठवलं. मी कामावर असताना हिल्का इलोनाला सांभाळायला यायची. तेव्हा खाली बाहुल्यांच्या फळीवर एक काळी गोल डबी होती, आता इलोनाने पाठवली तश्शीच. डांबरगोळ्यांची असेल समजून मीच ती हिल्काला परत दिली होती. "हिला तर काही वासच नाही!" म्हटलं होतं. ती हसली होती.