गाद्यांखालचे ऊन

संग्रामपूर
२२ डिसेंबर २०१७

भाईजानांना चांदबीचा सलाम. भाभींच्या गुडघ्याला आता उतार असेल. सफाला माझा प्यार सांगा. फोनवर तुम्ही माझे बोलणे मधेच तोडता, म्हणून पत्र लिहिते आहे.

धंदा बरा आहे. यंदा बोंडअळीने कापसाचा सत्यानाश केला. नवी गादी कोणी भरत नाही, पण जुनी पिंजून घ्यायला बायका येतात. अळीने डागाळलेला कवडी कापूस व्यापारी हातात धरत नाही, तोही माझ्याकडेच येतो. लोकांच्या नुकसानीवर माझी चूल पेटते, याचे वाईट वाटते.

शाकिरच्या मागे विधवेची इद्दत संपवून मी त्याची गादी पिंजायची ट्रॉली घेऊन निघाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अकेली बाई उघड्यावर काऊन राहीन? ट्रॉली विकून टाक, नांदुऱ्याले घरी ये." त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही. खरे सांगू? मागच्या आठवड्यात मी सामान बांधले होते. पिंजण दिवसा इंजिनावर होते, पण खोळी शिवायच्या त्या दिवे लागल्यावर, आणि माझा सोलरचा दिवा तर भाकरी होण्याआधीच विझायचा. मग ट्रॉलीत कडी लावून बसायचे. तुम्हाला फोनवर "सब ठीक" सांगायची, पण भीती वाटायची, भाईजान.

दिव्याचे तेवढे सांगितले, तर तुम्ही म्हणालात, बॅटरी मेली. बॅटरी बिचारी उपाशी होती. सकाळच्या उन्हात बॅटरीच्या मीटरवरचा व्होल्टचा आकडा साडेतेराच्या वर चढलेला दिसे. मी समजे, भरली. मग अब्बांची शिस्त: पिंजलेली गादी उन्हात फुलल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायची नाही. ट्रॉलीच्या छपराइतकी स्वच्छ जागा दुसरी कुठली? पॅनेलसकट सगळे छप्पर गाद्यांनी झाकून मी कामाला लागे. मीटर दारापाशीच आहे. चार दिवसांपूर्वी गादी टाकता टाकता तिकडे नजर गेली, तर आकडा झरझर बारापर्यंत उतरला. आता भरलेल्या माठावर झाकण ठेवले म्हणून पाणी उतरते का? म्हणजे तो आकडा बॅटरीचा नव्हताच, वरून ऊन रेटत होते त्याचा होता. पोटात खरे किती आहे, ते ऊन गेल्यावर आणि दिवा लावण्याआधी बघायचे.

आता गाद्या बांबूवर टाकते आणि पॅनेलवर बसलेली रुई रोज पुसते. काल सांजेला आकडा साडेबाराच्या वर होता, म्हणजे पोट खरेच भरलेले. हे मी कोणाला न विचारता समजून घेतले, तेव्हा थोडा तोरा मिरवू द्या.

रात्री समोरच्या सुभद्राबाई खोळ न्यायला आल्या. "मले वाटलं, निजली असशीन. लय चांगला उजेड हाय बाई तुह्या इथं," म्हणाल्या आणि आपले शिवण घेऊन माझ्याजवळच बसल्या. शाकिर गेल्यापासून पहिल्यांदा मी कोणाशी तरी हसत बोलले.

तर भाईजान, मी येत नाही. ईदला येईन, पोटभर शीरखुर्मा खाईन आणि परत निघेन. रागावू नका. तुम्ही मायेनेच बोलावलेत, हे मला कळते.

आज पेंटरला बोलावून ट्रॉलीवर शाकिरच्या नावाखाली माझे नाव घातले. त्याने विचारले, "पुढं काय लिहू?" त्याला जे सांगितले, तीच सही इथे करते.

आपली बहीण,
चांदबी गादीवाली