सूर्य पुन्हा उतू जातोय

आई, आज दुपारी तो पुन्हा उतू गेला. शब्द तुझाच. विद्यापीठाच्या विभागात आम्ही त्याला सूर्याचा रेडिओ-स्फोट म्हणतो, शोधनिबंधात तर त्याहून जड काहीतरी लिहितो, पण पडद्यावर वरून खाली घसरत गेलेली ती तिरकी रेघ दिसली की माझ्या मनात आधी तुझाच शब्द येतो. सध्या जवळजवळ रोजच उतू जातोय. परवा वर्गात चुकून तोंडातून निघून गेला. इथे काशीत समोरची सगळी हिंदी बोलणारी मुलं. त्यांना वाटलं, मराठीतली काही परिभाषा असेल. मीही दुरुस्त केलं नाही.

ती रथसप्तमी तुला आठवत असेल. गच्चीवर गोवऱ्या पेटवून तू मातीच्या बोळक्यात दूध ठेवलं आहेस आणि ते पूर्वेकडून उतू जायची वाट बघत बसली आहेस. मी शेजारी बांबूंना बांधलेल्या माझ्या अँटेनाच्या तारा तपासते आहे, कारण आदल्या दिवशी माकडांनी त्यांवर झोके घेतले आहेत. हे नक्की कशासाठी, असं तू त्या दिवशी पहिल्यांदा विचारलंस. मी सांगितलं, सूर्यावर मोठी उलथापालथ झाली की आधी त्याची रेडिओ लहर येते, आठ-नऊ मिनिटांत. मागून तापलेल्या कणांचा ढग निघतो, त्याला पृथ्वीपर्यंत यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि आला की उपग्रह, विजेच्या तारा, विमानांचे संदेश, सगळ्यांना तो छळतो. लहरीवरून ढग कधी पोचेल याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. दुधावरची नजर न काढता तू म्हणालीस, म्हणजे उतू गेल्याचा वास आधी येतो, पसारा मागाहून आवरायचा. मी हसले, आणि तेवढ्यात दूध खरंच उतू गेलं.

त्यानंतर माकडं हाकलायचं काम तू आपणहून अंगावर घेतलंस. मी विभागात असले की तू काठी घेऊन गच्चीवर. अप्पा खालून ओरडायचे, की मी सूर्याला अर्घ्य देतो आणि माझी बायको त्याच्यावर पहारा देते. संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत तुझा प्रश्न, आज किती वेळा. एकदाही नाही म्हटलं की तुझा चेहरा उतरायचा. मग एकदा विचारलंस, हा नेहमीच असा असतो का. मी म्हटलं, नाही, आता हळूहळू निवळेल, काही वर्षं अगदी गप्प बसेल, आणि अकराएक वर्षांनी पुन्हा असाच भरात येईल. तू बोटांवर आपलं तेव्हाचं वय मोजायला लागलीस आणि मोजणं मध्येच सोडून चहा टाकायला उठलीस.

पुढच्याच थंडीत दुखणं कळलं. यकृतापर्यंत पसरलंय, आता घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले. अप्पांनी उशाशी गंगाजल आणि तुळस आणून ठेवली. एवढ्या दुःखातही त्यांना एक समाधान होतं, की तू काशीत आहेस. इथे देह ठेवला की सुटका, पुन्हा जन्म नाही. त्यासाठी लोक कुठून कुठून येऊन पडतात. आणि तू त्या दुपारी माझं मनगट धरून म्हणालीस,

"मला पलीकडच्या काठावर ने. इथे मेले तर सुटेन. मला सुटायचं नाहीये गं, परत यायचंय."

गंगेपलीकडे मेलेल्याला मोक्ष नाही, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. तिकडे मेलं की माणूस गाढव होतो, म्हणून लहानपणी आम्ही एकमेकांना चिडवायचो. मी तेच बोलले, गाढव होशील म्हणून.

"होईन की. फक्त माकडं हाकलायला गच्चीवर नाही चढता येणार."

अप्पा दारात उभे होते. जन्म पोथ्यांमध्ये गेलेला माणूस; मला वाटलं, आता कडाडतील. ते देवघरात जाऊन बसले. दिवेलागणीला बाहेर आले आणि मला विचारलं, "पलीकडे रामनगरला कुणाची खोली मिळेल?" त्यांचे डोळे सुजले होते. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी कधी कुणाच्या पाया पडत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याच्या घरची खालची खोली ठरली. डॉक्टर म्हणाले होते, अजून आठवडाभर तरी काढतील. सोमवारी गाडी येणार होती, गल्लीच्या तोंडापर्यंत तुला खुर्चीत बसवून न्यायला चार माणसं सांगून ठेवली होती, अप्पांनी स्वतः तुझ्या धाबळीची घडी घातली होती. रविवारी सकाळी तू गेलीस, आपल्याच घरात, पंचगंगा घाटावरच्या घंटा ऐकू येत असताना. आमच्या कामातही असं होतं, काही ढग फार वेगाने निघतात आणि अंदाजाच्या आधीच येऊन धडकतात. परीक्षेत त्याची कारणं मी मुलांना विचारते. तुझ्या वेळचं एकही कारण मला आजवर सांगता आलेलं नाही.

अजूनही कुणी नातेवाईक आले की म्हणतात, भाग्यवान बाई, काशीत गेली. अप्पा तेवढ्यात काहीतरी निमित्त काढून उठून जातात. मीही उठते. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन उभे राहतो.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही, गंगेतही सोडणार नाही. अप्पांच्या हाती लागू नये म्हणून उद्या फाडून टाकेन. मोक्ष, पुनर्जन्म, मी यातलं काही मानत नाही, तुला माहीत आहे, त्यावरून आपली भांडणंही झाली आहेत. पण सूर्य पुन्हा भरात आल्यापासून एक गोष्ट करते आहे, ती अप्पांनाही सांगितलेली नाही. काशीत मेलं की माणूस सुटतो, हे खोटं असू दे, एवढं मी रोज मागते. कुणाकडे मागते, ते मला ठाऊक नाही.