दुपारी चारची झोप

३ सप्टेंबर, रविवार

चार वाजता झोपवतात! दुपारी चार! बाहेर अलाबामाचं ऊन अंग भाजून काढतंय आणि पंधरा पोरं आपापल्या खोल्यांत कुलूपबंद. मार्क्वेल आज बालकोठडीतल्या भेटीत सांगत होता, टेबलाकडे बघत. "जेवणाचं ताट दाराच्या फटीतून सरकवतात, मम्मा. दार उघडतं सकाळी सहाला."

सोळा वर्षांचा आहे. अजून खटला उभा राहिलेला नाही, तारीख चौदा नोव्हेंबर. दम्याचा पंप रक्षकाच्या टेबलावर. जवळ ठेवायची परवानगी नाही.

मी शाळेची बस चालवते. एक पोर जागेवरून उठलं तरी मला बस थांबवावी लागते. आणि हे!

५ सप्टेंबर

व्हर्नेटाला फोन केला. तिचा मुलगा मार्चमध्ये तिथून सुटला, पण तिने बालकोठडीचा पिच्छा सोडलेला नाही. म्हणाली, "बये, नियम वाच. जाग्या पोरांना आठांमागे एक रक्षक. झोपलेल्यांना सोळांमागे एक. त्यांच्याकडे रक्षक एकच. मग काय करणार? कागदावर पोरं झोपली!"

वर आणखी एक नियम आहे म्हणे — एकट्या रक्षकाने खोलीचं दार उघडायचं नाही. दुसरा येईपर्यंत थांबायचं.

म्हणजे पंप टेबलावर, पोर दाराआड, आणि दुसरा माणूस कामावरच नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. दरवेळी पेन कागदात घुसलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

कौंटीची सभा, बालकोठडी याच जिल्हा-मंडळाच्या हाताखाली. सुरुवात प्रार्थनेने — "प्रभो, आमच्या लेकरांना सांभाळ." मी आमेन म्हटलं नाही.

बोलायला माणशी तीन मिनिटं. आम्ही अकराजणी होतो. व्हर्नेटाने अर्ज करून मिळवलेले कोठडीचे रोजचे तक्ते आणले होते. ती नुसतं वाचत गेली. तारीख. दुपारी चार, सर्व मुलं झोपली. खाली सही कोणाची. पुढची तारीख. दुपारी चार, सर्व मुलं झोपली. सही कोणाची. बारापैकी नऊ सह्या टिलमन नावाच्या रक्षकाच्या.

अध्यक्ष बॉइड गोड हसले. "मॅडम, सात महिने रक्षकांसाठी जाहिरात लावलीय. माणसंच येत नाहीत. तुमच्यापैकी येतंय का कोणी?" लोक हसले! हसले!!

टिलमनची बायको मागे बसली होती. उठून गेली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, बाईचा चेहरा पाहिलास? व्हर्नेटा म्हणाली, "पाहिला. नाव घेतल्याशिवाय लाजत नाही गं कोणी."

तिचंच खरं.

१३ सप्टेंबर

ते हसणं कानातून जात नाही.

१९ सप्टेंबर

बालकोठडीतल्या रक्षकाच्या नोकरीचा अर्ज भरला मी. खिडकीतली मुलगी म्हणाली, "मुलगा आत असेल तर नाही चालत, मॅम." मागे व्हर्नेटा उभी होती. "माझा बाहेर आहे. दे इकडे तो कागद."

१५ ऑक्टोबर, रविवार

चर्चनंतर तळघरात जेवण. व्हर्नेटा गणवेशात आली, पोटावर पट्टा ताणलेला. वृद्ध मिस ओझेला म्हणाल्या, "बटण सांभाळ गं, उडालं तर आमच्यापैकी कोणाचा तरी डोळा जाईल." हसून हसून कॅटफिश घशात अडकला. व्हर्नेटा माझ्या कानात म्हणाली, "तुझ्या पोरावर नजर ठेवीन. माझा शब्द."

सहा आठवड्यांत पहिल्यांदा नीट जेवले.

२४ ऑक्टोबर

टिलमन नोकरी सोडून गेला. बरं झालं!

२९ ऑक्टोबर, रविवार

बरं नाही झालं. त्याच्या जागी कोणी नाही. आता दुपारी तीनलाच झोपवतात. मार्क्वेलचा आवाज बसलाय. "मिस व्हर्नेटा सलग सोळा तास असतात, मम्मा. उभ्याउभ्या डुलक्या घेतात."

५ नोव्हेंबर, रविवार

भेट रद्द. दारावर चिठ्ठी — कर्मचारी अपुरे. पोरं सांभाळायला माणूस नाही, कागद चिकटवायला बरा असतो! दाराला लाथ घातली. अंगठा सुजलाय.

६ नोव्हेंबर, सोमवार

व्हर्नेटा आली. आत ये म्हटलं तर पायरीवरच उभी राहिली.

"काल भेट का नव्हती, सांगायला आलेय. परवा दुपारी त्याला दम लागला. दार बडवत होता. मी एकटी. पंप माझ्या हातात होता आणि मी नियम पाळला गं. दुसरा माणूस यायला अकरा मिनिटं लागली. रात्र दवाखान्यात काढली त्याने. आता बरा आहे, परत आणलाय. तुला कळवायचं नाही असं वरून सांगितलं होतं."

हात उगारला होता, तो कधी खाली आला ते कळलं नाही.

"आणि त्या दिवशीच्या तक्त्यावर 'सर्व मुलं झोपली' असं लिहिलंय. सही माझी आहे." पायरी उतरता उतरता म्हणाली, "उद्या सभेत वाच. माझं नाव गाळलंस तर याद राख."

वाचेन.