ईदच्या खिरीतली मोहफुलं

अबकैक,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. शोभनाताईस,
जय सेवा. धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

ईशाचं लग्न ठरलं, मुलगा शिक्षक आहे, हे वाचून मी शिफ्टला जाताना एकटाच हसत होतो. आमचे स्टोअरकीपर इसहाकभाई, रत्नागिरीचे, त्यांनी कारण विचारलं आणि लगेच सगळ्या वेल्डरांना खजूर वाटले.

पण मे महिन्यात येणं अवघड दिसतंय. सौदीचा इकामा, राहण्याचा परवाना, अडकलाय, कफील, म्हणजे मालक, रजा देईल असं वाटत नाही, त्यात प्लान्टचं शटडाऊन. तुम्ही उरकून घ्या. बापाच्या हातून जे करायचं ते भावजींनी करावं. क्षमाला सांग, तिचा नवरा ठणठणीत आहे.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा श्यामकांत


जांभूळटोला, जि. गडचिरोली,
२ मार्च २०२५

चि. श्यामकांतास,
जय सेवा आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकामा म्हणे! नवा इकामा हातात आला असं तूच गेल्या महिन्यात फोनवर क्षमाला सांगितलंस. म्हणून तर तुला कागदावर लिहायला लावते. फोनवर रेंज गेली म्हणून सुटतोस, कागदावर बरोबर सापडतोस.

भीती कशाची ते मला ठाऊक आहे. लग्नात पेनांपुढे, आपल्या देवांपुढे, मोहाची दारू वाहायची आणि पहिला घोट मुलीच्या बापाने घ्यायचा, ही आपली रीत. तीन वर्षं तू थेंब घेतला नाहीस. पण तुझ्या मनात घट्ट बसलंय, की तिथे मिळत नाही म्हणून सुटली, इथे आलो की पुन्हा धरेल. दारू सोडायच्या शिबिरातून उठलास आणि महिन्याभरात विमानात बसलास, तेव्हा पारख झालीच नाही, हेही खरं.

पण आठव जरा. शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात मोह म्हणजे विष असं फळ्यावर लिहिलं, आणि तू नवव्या दिवशी पळून आलास. देवाच्या झाडाला विष म्हणतात म्हणून रागाने दुप्पट प्यायलास. मग आपल्या पुजाऱ्यांनी, भूमकबाबांनी, तुम्हा सहा जणांना गोटुलात, गावच्या बैठकघरात, शिबिराला बसवलं, ढोल घेऊन, आपल्या गोंडीत. झाडाचा दोष नाही, आपण हात कुठे थांबवायचा ते विसरलो, असं म्हणाले. त्या दिवशी तू लहान पोरासारखा रडलास. ते रडणं काही खोटं नव्हतं.

परवा मी भूमकबाबांना रीतीचं विचारलं. मडकं मागून आलं, फूल आधीचं, असं म्हणाले. ईशाचा बाप नुसती फुलं वाहील आणि घोट पाण्याचा घेईल. गावसभेत दोघं-चौघं कुरकुरले, त्यांना मी बघून घेतलं. पाहुणे मात्र पितील, वास सुटेल, त्याला माझा इलाज नाही.

इसहाकभाई रजेवर आलेत ना? त्यांच्या रत्नागिरीच्या पत्त्यावर डबाभर सुकी मोहफुलं पाठवलीत. आई भाजून द्यायची तशी खा. आधी फुलाशी सोयरीक कर, मग घाबरायचं का ते ठरव.

राग कमी, माया जास्त, असं समजून घे.
तुझी ताई


अबकैक,
१ एप्रिल २०२५

ती. ताईस,
जय सेवा. शि. सा. न. वि. वि.

तुझ्या फुलांनी इथे काय गोंधळ घातला ते ऐक. इसहाकभाई डबा घेऊन थेट दम्मामला आपल्या घरी गेले आणि मला द्यायचं साफ विसरले. त्यांच्या बायकोला, शरफुन्निसाभाभींना, त्या मनुका वाटल्या. जरा जुनाट दिसतात म्हणून तुपात खरपूस परतून त्यांनी त्या ईदच्या शीरखुर्म्यात घातल्या.

मी जेवायला गेलेलो. वाटी तोंडाशी नेली आणि ताई, तोच वास. वाटी हातातून सुटली, खीर सगळी सदऱ्यावर. उठलो तो जिन्यात पळालो. तलफ आली, खोटं कशाला सांगू, पार घशाशी आली. मग गोटुलात शिकवलं होतं तसं भिंतीला पाठ लावून वाडवडिलांची नावं घेत राहिलो. आज्यापासून सुरुवात केली. अकराव्या नावाला ती उतरली. आली तशी गेली, ताई. कुणी अडवलं नव्हतं.

घशात हाडबीड अडकलं समजून इसहाकभाई मागून धावत आले. त्यांना पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले की आत भाभी रडकुंडीला आल्यात, त्यांना वाटतंय खीर बिघडली, तेव्हा यल्ला, चल लवकर, निदान एक वाटी संपव. मी दोन संपवल्या. भाभी आता पुढच्या ईदला त्याच मनुका मागताहेत.

रजेचा अर्ज आज दिला. इसहाकभाई स्वतः साहेबापुढे उभे राहिले. दहा मिनिटांत सही, खलास. चार मेला निघतो. भीती अजून आहे, पण ती घेऊनच येतो.

लोभ वाढव, आणि भाकरी जास्त थाप.
तुझा श्याम


अबकैक,
२८ मे २०२५

ती. ताईस,
जय सेवा. शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझे लाडू कॅम्पच्या दारातच संपले. तीन दिवस मांडवामागे पाहुणे पीत होते आणि मी त्या वासातून पत्रावळी वाहत होतो, हे तू पाहिलंसच. दोनदा नावं घ्यावी लागली. दुसऱ्यांदा पाचव्याच नावाला भागलं.

एक मात्र तू पाहिलं नाहीस, तू शिदोरी बांधायला आत गेली होतीस. ईशा लहान असताना मी संध्याकाळी घरी आलो की आधी माझं तोंड हुंगायची. वास नसला तरच मांडीवर बसायची, आणि असे दिवस बोटांवर मोजण्याइतके. पाठवणीला मी मांडवात खाटेवर बसलो होतो. ती पाया पडायला वाकली आणि रडता रडता तिने नाक माझ्या तोंडाशी आणलं. मी हललो नाही. छातीतला सगळा श्वास सावकाश सोडला. ताई, मग ती तेवीस वर्षांची नवरी, नेसल्या शालूनिशी, सगळ्या वऱ्हाडादेखत माझ्या मांडीवर येऊन बसली.

तुझ्या मायेचा,
श्याम