माजी अध्यक्ष उठत नाहीत

१ मे १९२६, शनिवार. पुणे.

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. वाचणारा मीच, तेव्हा थापा मारण्यात अर्थ नाही.

पुढच्या रविवारी, ९ तारखेला, आमच्या वक्तृत्व मंडळाच्या अध्यक्षाची निवड. उमेदवार दोन. मी आणि दातार. दातारांकडे आवाज आहे. माझ्याकडे विचार आहेत. दुर्दैवानं विचार मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात नाहीत. म्हणून एक योजना आखली आहे, आणि ती फसणं शक्य नाही.

मुळशी खोऱ्यात जांभूळटेप म्हणून गाव आहे. धरणाविरुद्ध लढलेल्या शेतकरी सभेचे माजी अध्यक्ष कै. हैबतराव यांचं राहतं घर तिथं जसंच्या तसं जपून ठेवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला पाहायला मोकळं. या पावसाळ्यात ते पाण्याखाली जाणार. म्हणजे ते पाहिलेला शेवटचा सुशिक्षित मनुष्य मी. ९ तारखेला त्यावर लेक्चर ठोकायचं: 'अध्यक्ष कसा असावा'. उत्तर लोकांना समोर उभं दिसेल.

संकल्प: तपकीर बंद. बोलणं कमी. खेडुतांत मिसळायचं, पण बेतानं.

रात्री. तपकीर एकदाच ओढली, निरोपाची. सौ.ला सांगितलं, उद्या जातो, परवा परत.  चार धोतरं बांधून दिली. नवऱ्याच्या शब्दावर विश्वास म्हणून नाही.

२ मे, रविवार. जांभूळटेप.

पौडापर्यंत मोटार. पुढं कोंडिबाची बैलगाडी. कोंडिबा हैबतरावांचा पुतण्या, घर पाहणाऱ्यांना तोच आणतो-नेतो. वाटेत सगळी हकीकत कळली. हैबतरावांनी भर सभेत शब्द दिला होता की खोऱ्यातली शेवटची चूल हलेपर्यंत मी या खुर्चीवरून उठणार नाही. पुढं लढा मोडला, सभा मोडली, अध्यक्षपण गेलं. म्हातारा खुर्चीतच वारला.

कोंडिबा म्हणाला, वारलं कशाचं, हितंच हायेत. गाव हाललं, द्येव हाललं, ह्ये उठत न्हाईत. आन् चुलती म्हनती, त्यांच्याबिगर मी चूल हालवायची न्हाई, पानी येऊंदे न्हाईतर काय बी. शेवटची चूल म्हंजी आता तिचीच की.

म्हणजे ती उठेना म्हणून तो उठेना, आणि तो उठेना म्हणून ती. मी त्याला सांगितलं, जगात सायन्स नावाची गोष्ट आहे. तो व्हय म्हणाला आणि बैलाची शेपटी पिरगाळली.

घर टेकाडावर. खालची भातखाचरं गेल्या साली पाण्यात गेली. त्यातून आंब्यांचे वाळलेले शेंडे वर आलेत. भोवतालची घरं उतरवून नेलेली, नुसती जोती उरलीत. एवढं एकच घर सारवलेलं. ओटीवर सागवानी खुर्ची. शेजारी चष्मा, काठी, खुंटीला फेटा, खाली जोडा. कशावरही धुळीचा कण नाही. हैबतरावांच्या पत्नी चंद्राबाई रोज सगळं पुसतात. बारीक अंगाची बाई, कपाळ मोकळं, बोलणं मोजकं.

दोघं पाणी आणायला आत गेली. गाडीच्या धक्क्यांनी माझ्या कमरेचे तुकडे झाले होते. खाली घोंगडी अंथरली होती खरी, पण सुशिक्षित माणसानं खुर्ची असताना घोंगडीवर का बसावं? बसलो. बसलो म्हणजे टेकलो.

कोंडिबा तांब्या घेऊन आला आणि दारातच थांबला. मागून बाई आल्या. माझ्याकडं पाहिलं, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि दाराआड झाल्या. आतून हळू आवाज आला, च्या टाकू का? कोंडिबा वाकला आणि म्हणाला, अध्यक्ष, पानी घ्या.

अध्यक्ष! निवडणुकीबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. गुणांची पारख व्हायला माणसानं खेड्यातच यावं.

३ मे, सोमवार.

आज परत निघायचं होतं. बैल रानात गेलेत म्हणे. असो. इतका आग्रह मोडवत नाही.

सकाळी दुधात भाकरी कुस्करून आली, वर मीठ. दुधात मीठ मला बघवतसुद्धा नाही. वाडगं चाटूनपुसून खाल्लं. हवापाण्याचा फरक.

उजवा गुडघा दुखतो. गाडीचे धक्के. मी काही बोललो नव्हतो, तरी बाई एरंडाची पानं शेकून घेऊन आल्या. कोंडिबा म्हणाला, चुलत्यांचा बी उजवाच. योगायोगाला सायंटिफिक महत्त्व नसतं.

सकाळी मी बसण्याआधीच खुर्ची कोमट होती. ऊन तिथपर्यंत येत नाही. लाकूड उष्णता धरून ठेवतं. फिजिक्स.

दुपारभर माझ्या पाठीमागं कुणीतरी खाकरत होतं. वळलं की भिंत. पाल असणार. मोठी पाल.

मी घाबरलेलो नाही. लिहून ठेवतो, म्हणजे पुढंमागं शंका नको.

४ मे, मंगळवार.

आज माझ्या आयुष्यातला गौरवाचा दिवस. उठून गेलेल्या गावकऱ्यांना कोंडिबानं निरोप धाडले होते की अध्यक्ष भेटत्यात. लोक डोंगर उतरून आले. दातारांना भेटायला त्यांचा मेव्हणासुद्धा येत नाही.

ओटीखाली बसले. कुणी माझ्या डोळ्यांत पाहून बोलेना. माझ्या खांद्याच्या जरा मागं पाहून बोलत होते. आदराची ही पद्धत मला नवीन आहे, पण वाईट नाही.

मग एक बाई उभी राहिली आणि तोंडाचा पट्टाच सुटला तिचा. म्हणाली, तुमच्या शब्दाला धरून आमी ऱ्हायलो. जे आदी गेले त्यांनला चांगली जिमीन गावली, आमाला खडक. त्या खडकावर कुदळ मारता मारता माजा बा गेला. आन् तुमी हितं खुर्चीत! उठाया काय हुतंय तुमाला?

अशा प्रसंगासाठी माझ्याकडे उत्तर तयार असतं. 'भगिनी, सार्वजनिक कार्यात त्याग हा...' असं ते सुरू होतं. तोंड उघडलं. आणि बाहेर आलं ते असं: चुकलं माजं, बायजा. तुज्या बाला थांब म्हनायला नको हुतं मी.

बाई मटकन खाली बसली आणि पोटभर रडली. जाताना पायांवर डोकं ठेवून गेली. चेहरा हलका झाला होता तिचा.

तिचं नाव बायजा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मागाहून विचार केला, सांगितलं असणारच. श्रोत्यांच्या भाषेत शिरण्याची शक्ती काही वक्त्यांत उपजत असते. दातारांत ती नाही. 

५ मे, बुधवार. दुपारी.

पहाटेच ठरवलं होतं, आज पायी का होईना, निघायचं. खुर्चीतून उठता येत नाही. म्हणजे येतं. आंघोळीला उठतो, परसाकडं जातो. पण गावाच्या वाटेला लागायचं म्हटलं की पाय वळून ओटीवर येतात आणि मी बसलेलो असतो. याला थकवा म्हणतात. बहुतेक.

जेवणानंतर चंद्राबाई उंबऱ्याशी येऊन बसल्या. माझ्याकडं पाठ. खालच्या पाण्याकडं बघत बोलत राहिल्या. म्हणाल्या, वर घर बांधलंय. वटी उगवतीला काढलीया, तुमाला सकाळचं ऊन लागतं म्हनून. गाय नेली वर, ती बी नीट खात न्हाई. शब्द दिलात तवा मला इचारलं हुतं का वं? शेवटची चूल, शेवटची चूल. ती चूल माजी हुती. मी आदी हालू का तुमी आदी उठताय, ह्याच्यात दोन उन्हाळं गेलं. मला पान्याचं भ्या वाटतंय. लई वाटतंय. तुमच्याम्होरं कदी म्हनले न्हाई.

 लग्नाला इतकी वर्षं झाली, सौ.ला कशाचं भय वाटतं हे मी कधी विचारलेलं नाही. इथं एका परक्या बाईनं न विचारता सांगितलं आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तपकिरीनं येतं तसं. पण इथं आल्यापासून तपकीर ओढलेली नाही. डबी खिशात आहे, ओढावीशीच वाटली नाही. वीस वर्षांची सवय, आणि आठवणसुद्धा नाही! मग इथं बसलाय तो कोण?

सोमवारचं वाक्य खोडतो. मला भीती वाटते.

६ मे, गुरुवार. वर, नवीन वस्तीत.

सकाळी चंद्राबाई नवं लुगडं नेसून बाहेर आल्या. कपाळाला कुंकू. पुन्हा डोंगर उतरून आलेल्या गावानं त्यांना वाट करून दिली. हातात मडकं, मडक्यात चुलीतला विस्तव. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, अवं, चूल हालली. उठा आता.

उठलो. मला उठवत नव्हतं, तरी उठलो.

कोंडिबा पुढं, हातात काठी, फेटा, चष्मा. मी मधे. मागं बाई. सगळ्यांच्या मागं गाव. मागं वळून बघायचं नाही, असं बजावलं होतं. ओढा आला की कोंडिबा ओरडे, अध्यक्ष, वढा हाय, जपून! चढ लागला की, अध्यक्ष, दमानं घ्या! एकदा मी म्हटलं, अरे, दिसतंय मला. तो तसाच पुढं चालत राहिला. तो मला सांगतच नव्हता. पहिल्या दिवसापासून मला कुणी काही सांगतच नव्हतं. हे मला त्या ओढ्यात, गुडघाभर दगडांत उभं असताना कळलं.

चढावर गुडघ्यानं दगा दिला तेव्हा बाईंनी हात धरला. चारचौघांत. मागं बाप्ये माणसं हुंदके देत होती.

वर नव्या घरापुढं उंबर, उंबराखाली शेंदूर लावलेला धोंडा. मला त्याला टेकून बसवलं. नारळ फुटला. बाईंनी धोंड्याला हात लावला आणि म्हणाल्या, बसा. हितनं समदं खोरं दिसतंय. आता कुटं जायाचं न्हाई. मग पदराच्या टोकानं स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं.

त्याच क्षणी गुडघा बरा झाला. पाठीमागं कुणी नाही, हे पाठीला कळलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट रडायला आलं, आणि या वेळी रडणारा मीच होतो.

लोक धोंड्याच्या पाया पडायला लोटले. कुणीतरी म्हणालं, वाईच सरका, पाव्हनं. सरकलो. जरा वेळानं चंद्राबाई चहा घेऊन आल्या. डोक्यावरचा पदर आता साधा होता, सगळ्यांसमोर असतो तसा. म्हणाल्या, पाव्हनं, तुमचं नाव काय म्हनायचं?

सांगितलं. मोरेश्वर चिंतामण आगटे, इंटरपर्यंत शिक्षण. त्या म्हणाल्या, लई उपकार झालं तुमचं. आणि आत नवी चूल पेटवायला गेल्या.

७ मे, शुक्रवार. पौड, मोटारीची वाट पाहत.

गाडीत कोंडिबाला विचारलं, इतक्या लोकांतून मलाच का? माझ्यात काय दिसलं? मनात म्हटलं, निदान एवढं तरी पदरात पडू दे.

तो म्हणाला, भगतानं सांगितलं हुतं, कुनीतरी आपल्या मनानं त्या खुर्चीत बसाया पायजे, मंग त्याच्या पायानं अध्यक्ष उठतील. सांगून बसवला तर उपेग न्हाई. आमची तर छाती हुईना. म्हनून घर पुसूनपासून ठिवलं, पाव्हन्यांनला मोकळं केलं. दोन वर्सांत लई मोटी मोटी मानसं यिऊन गेली. वकील आलं, मास्तर आलं, एक डाक्टर आलं. समद्यांनी लांबनंच हात जोडलं. आमी आशा सोडली हुती बगा. तुमच्यावानी मानूस गावायला नशीब लागतं.

हे तो अगदी कृतज्ञतेनं बोलला. तीच तर पंचाईत आहे.

९ मे, रविवार. पुणे.

लेक्चर झालं नाही. कागद खिशातच राहिले.

मंडळात मी सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची, रिकामी. चिटणीस म्हणाले, बसा की आगटे, तुम्ही उमेदवार, आणि आधी आलात. मी तिच्या पाठीला हात लावून पाहिला. कोमट आहे की नाही ते ठरवता येईना. तिथंच धरून उभा राहिलो. मग दातार आले. म्हणाले, काय हो, निवडणूक लढवताय की खुर्ची विकायला आणलीत? आणि बसले. खुशाल बसले. वळून पाहिलंसुद्धा नाही. 

दातार एकमतानं निवडून आले. एकमत म्हणजे माझंही. हात मीच वर केला. तपासून पाहिलं, माझाच होता.

घरी आलो. ताट वाढलेलं. सौ. म्हणाली, बसा, पाट मांडलाय. म्हटलं, आधी त्यावर कुणी आहे का बघ. ती हसली. तिनं वाकून, हात फिरवून बघेपर्यंत मी उभाच होतो.