माती थुक

आई, तू भाताच्या रोपांसाठी राब भाजून परतलीस आणि मी बांधावर मातीचं ढेकूळ चघळत बसलो होतो, तो दिवस अजून माझ्या पाठीला आठवतो. तू हाक मारली नाहीस. बांधावरच्या निगडीच्या झुडपाचा फोक ओढलास आणि सुरूच झालीस. "थुक! थुक म्हणते न्हवं!" मी हट्टानं गिळलं. मग तू जबडा दाबून घशात बोटं घातलीस, मी कडकडून चावलो, आणि माती, ओकारी, तुझ्या बोटाचं रक्त, सगळं तुझ्याच लुगड्यावर. शेजारची मावशी धावली, "अगं, मारून टाकशील पोराला!" तू म्हणालीस, "मारीन, पर माती खाऊ देणार न्हाई." ताईच्या पाठची तुझी लेक माती खायची आणि हगवणीनं गेली, हे तू गेल्यावर ताईनं सांगितलं.

मी काही एका जागी टिकलो नाही. कामशेतला पॅराग्लायडिंगवाल्यांच्या छत्र्या गुंडाळल्या, आता भुशी धरणावर कणसं भाजतो. परवा लिंबू जास्त चोळलं म्हणून एका गिऱ्हाइकानं कॉलर धरली, मी चिमटाच उगारला... ते राहू दे. ताई वराळ्याला फ्लॅटमध्ये असते, फरशी फिनेलनं रगडते, आणि तिचं पोर दम लागून निळं पडतं. डॉक्टर म्हणाले, "शेणामातीतले जंतू लहानपणी भेटत राहिले की अंग शिकतं, कुणाशी लढायचं, कुणाला सोडायचं. याचं अंग साध्या धुळीशीही मारामारी करतंय, कदाचित त्यामुळंच. माती खायला घालू नका, पण खेळू द्या."

म्हणून रविवारी दोघांना आपल्या खाचरावर नेलं. पोरानं मूठभर चिखल तोंडात कोंबला. ताईचा हात उठला, मी तिचं मनगट पिरगाळलं, बांगडी फुटून दोघांनाही लागली.

"सोड! आईनं मारलं म्हणून जगलास तू!"

"का मातीनं जगवलं?"

"मग माझ्या पाठची का गेली?"

मी तिचं मनगट सोडलं, पोराच्या तोंडातला चिखल बोटानं काढला, चूळ भरायला लावली आणि ताईला तोऱ्यात म्हणालो, "काय होत न्हाई."

हा कागद शेगडीजवळ पडलाय, तुला कुठं पाठवणार? पण ऐक. त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत मी पोराचं पोट चाचपत होतो. ते पुन्हा चिखलाकडे वाकलं, तेव्हा माझी नजर आधी बांधावरच्या निगडीच्या फोकांकडे गेली.